वटवाघळांचा आवाज ऐकवणारे यंत्र: गौताळ्याच्या काठावरचे आठ महिने

गेल्या जूनमध्ये मी हातात धरून वापरायचा एक हेटरोडाइन बॅट डिटेक्टर ऑनलाइन मागवला. आयात खर्चासह तो सुमारे १४,००० रुपयांना पडला. कन्नड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या सीमेलगतच्या ओढ्यांवर, शेतांवर आणि जुन्या विहिरींवर उडणाऱ्या लहान कीटकभक्षी वटवाघळांची, म्हणजे आपल्याकडे ज्यांना पाकोळ्या म्हणतात त्यांची, विद्यार्थ्यांसोबत नोंद ठेवावी असे बरेच दिवस मनात होते. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘वटवाघळे ऐका, जाती ओळखा’ असे दोन दावे आहेत. आठ महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की त्यातला पहिला दावा पूर्ण खरा आहे, दुसरा मात्र बहुतांशी खोटा आहे. तरीही मी हे यंत्र परत केले नाही. जंगलातल्या वटवाघळांचा अधिवास समजून घ्यायला त्याने जी मदत केली ती पुस्तकातून मिळाली नसती.

यंत्र टीव्हीच्या रिमोटएवढे आहे. पुढच्या टोकाला मायक्रोफोन आहे, बाजूला आवाजाचे बटण आणि वर १० ते १२० किलोहर्ट्झपर्यंतची वारंवारता निवडण्याची चकती आहे. आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येते आणि बहुतेक कीटकभक्षी वटवाघळे त्याच्या वर बोलतात. हेटरोडाइन पद्धत अशी: यंत्र स्वतःच्या आत एक कंपन निर्माण करते, बाहेरून आलेल्या ध्वनीत ते मिसळते आणि दोहोंतला फरक तेवढा स्पीकरवर देते. पाकोळी ४६ वर ओरडत असेल आणि चकती ४५ वर असेल, तर आपल्याला एक किलोहर्ट्झचा स्वर ऐकू येतो. हे सगळे त्याच क्षणी घडत असल्याने डोक्यावरून गेलेली सावली आणि कानावर आलेला आवाज यांची जोडी लागते, आणि माझ्या दृष्टीने या यंत्राचे सर्वांत मोठे मोल त्यातच आहे. वटवाघळांच्या या आवाजाचा प्रत्यक्ष पुरावाही अशाच एका यंत्राने मिळाला होता: १९३८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने जी. डब्ल्यू. पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या डिटेक्टरसमोर वटवाघळे नेली, तेव्हा तोवर मुकी समजली जाणारी ती जनावरे सतत ओरडत असल्याचे उघड झाले.

पहिल्या संध्याकाळी मी ओढ्याकाठच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उभी होते. काकांनी आधीच सांगून ठेवले होते, “मॅडम, अंधार पडला की पाकोळ्या आधी हिरीवर येतेत, पाणी पितेत, मग झाडीत जातेत.” सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी पहिली पाकोळी आली. चकती चाळीसच्या जरा वर होती. ओल्या फडक्याने दगडावर थापट्या माराव्यात तसा थप-थप-थप आवाज सुरू झाला, सेकंदाला साधारण दहा. करंजाच्या फांदीजवळ तिने एकदम गिरकी घेतली आणि थापट्या इतक्या जवळजवळ आल्या की त्यांचा एकच फर्र असा आवाज झाला, त्यानंतर क्षणभर शांतता, आणि पुन्हा थप-थप. तो फर्र म्हणजे किडा पकडण्याच्या शेवटच्या क्षणाची हाकाटी. त्या वेळी सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत हाका जातात. तीन-चार ग्रॅम वजनाचा तो जीव दर मिनिटाला किती झडपा घालतो हे मी त्या दिवशी प्रथमच मोजू शकले. मुलांनी वहीत फर्रच्या खुणा केल्या आणि मोजणीची आमची रीत तिथेच ठरली.

आता ओळखण्याविषयी. यंत्रातून येणाऱ्या आवाजाचे ढोबळ तीन प्रकार पडतात आणि ते बऱ्याच अंशी वटवाघळांच्या कुळांशी जुळतात. थपथपाट ऐकू आला तर हाकेची सुरुवात उंच असून शेवट एका खालच्या वारंवारतेवर सपाट होतो असे समजावे. पिपिस्ट्रेलस आणि त्याच्या जवळच्या वंशांची ही खूण आहे. चकती कुठेही फिरवली तरी कोरडी टक-टक येत राहिली, तर हाक उंचावरून सरळ खाली कोसळणारी आहे. मायोटिस वंश आणि दाट झाडीतली इतर लहान वटवाघळे अशी हाक देतात. हे दोन्ही प्रकार व्हेस्परटिलिओनिडी या सुमारे ५०० जातींच्या, वटवाघळांतल्या सर्वांत मोठ्या कुळात येतात. तिसरा आवाज मात्र शिटीचा, वरखाली हेलकावणारा. एकाच वारंवारतेवर लांब हाक देणारी, नाकावर त्वचेची नक्षीदार पाने असलेली ऱ्हायनोलोफिडी आणि हिप्पोसिडेरिडी ही कुळे तो काढतात. ऑक्टोबरमध्ये एका पडक्या बारवेच्या पायऱ्यांवर चकती शंभराच्या आसपास असताना अशी शिटी मला स्पष्ट मिळाली. नालासारख्या नाकाच्या ऱ्हायनोलोफस वंशातले ते असावे. नाकावर पान असलेल्या या दोन्ही कुळांत कानाच्या तोंडाशी उभे राहणारे पातळ पाते नसते, पाकोळ्यांना ते असते. पण अंधारात उडणाऱ्या जिवाचा कान कोण पाहणार? तिथे शिटी आणि थापट्यांतला फरक खरोखर कामाला येतो.

या ठिकाणी थोडे वर्गीकरणाविषयी सांगणे भाग आहे, कारण यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ते जुन्या पद्धतीने दिले आहे. मोठी फलाहारी वटवाघळे एका बाजूला आणि सगळी लहान, कीटकभक्षी वटवाघळे दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपण सगळेच शिकलो. २००० सालाच्या सुमारास झालेल्या जनुकीय अभ्यासांनी ती मोडली. नालनासिक (ऱ्हायनोलोफिडी) आणि पर्णनासिक (हिप्पोसिडेरिडी) वटवाघळे, लांब शेपटीचे ऱ्हायनोपोमा आणि मोठ्या कानांची मेगाडर्मा ही सगळी फलाहारी वटवाघळांच्या जवळची ठरली आणि त्यांचा मिळून यिन्टेरोकायरॉप्टेरा हा गट झाला. पाकोळ्या, थडग्यांत आणि कपारींत राहणारी टॅफोझूस, मोकळ्या शेपटीची मोलोसिडी ही यँगोकायरॉप्टेरा या दुसऱ्या गटात गेली. म्हणजे बारवेतली ती शिटी ज्याची होती ते वटवाघूळ विहिरीवरच्या पाकोळीपेक्षा वडाची फळे खाणाऱ्या मोठ्या वाघळाचे जवळचे नातेवाईक आहे. कुळांच्या आतही हलवाहलव झाली आहे: मिनिऑप्टेरसला व्हेस्परटिलिओनिडीतून काढून स्वतंत्र कूळ मिळाले, आणि भारतीय उपखंडातले डॉर्मरचे वटवाघूळ, जे पूर्वी पिपिस्ट्रेलसमध्ये मोजत, ते आता स्कोटोझूस या वंशात ठेवतात. १४,००० रुपयांच्या यंत्राची पुस्तिका छापताना एवढी दुरुस्ती करणे अवघड नव्हते.

जातीपर्यंत पोहोचायचे म्हटले की यंत्र थकते. पिपिस्ट्रेलस कोरोमँड्रा आणि पिपिस्ट्रेलस टेन्युइस या आपल्याकडच्या दोन लहान पाकोळ्या हातात घेऊनही चटकन वेगळ्या सांगता येत नाहीत. पुढच्या हाताच्या हाडाची लांबी आणि दातांची ठेवण पाहावी लागते. त्यांच्या हाका इतक्या लगतच्या वारंवारतांवर असतात की चकतीवरच्या एका रेघेच्या आधाराने निकाल देणे धाडसाचे ठरेल. माझ्या यंत्रात तर ती रेघही जागेवर नव्हती. आमच्या भौतिकशास्त्र विभागात विद्यार्थी प्रकल्पांसाठी वापरतात तो एच.सी.-एस.आर.०४ नावाचा अंतर मोजणारा स्वस्त सेन्सर ४० किलोहर्ट्झवर ध्वनी सोडतो. तो टेबलावर चालू करून मी चकती फिरवली, तेव्हा स्वर जिथे सर्वांत खाली उतरतो ती जागा ४० वर यायला हवी होती, प्रत्यक्षात ती ४३ वर आली. तीन किलोहर्ट्झचा हा फरक श्रोत्याला जाणवणारही नाही, पण जात ठरवणाऱ्याचा निष्कर्ष त्याने पूर्ण बदलतो. युरोपात साध्या पिपिस्ट्रेलच्या दोन ध्वनिजाती असल्याचे १९९३ मध्ये दाखवले गेले, त्यातली एक ४५ च्या आणि दुसरी ५५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक देणारी. पुढे जनुकीय पुराव्यानंतर त्या दोन स्वतंत्र जाती मानल्या गेल्या. आवाजावरून जाती वेगळ्या होऊ शकतात याचे ते उत्तम उदाहरण आहे, पण तिथे दहा किलोहर्ट्झचे अंतर होते, ध्वनिमुद्रण होते आणि रक्ताचे नातेही तपासले गेले होते. यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी सेन्सरची ही चाचणी करावी. मी आता चकतीच्या कडेला चिकटपट्टीवर दुरुस्त आकडे लिहून ठेवले आहेत.

सर्वांत मोठी उणीव खऱ्या जंगली वटवाघळांच्या बाबतीत आहे. केरिवूला आणि म्युरायना हे दोन वंश दाट झाडीत, पानांच्या अगदी जवळून उडणारे. केरिवूलाचे कान नरसाळ्यासारखे, अंगावर लोकर. केरिवूला पिक्टा हे नारिंगी-काळ्या पंखांचे देखणे वटवाघूळ केळीच्या वाळलेल्या, गुंडाळलेल्या पानांत दिवस काढते. बोर्नियोत त्याच वंशातले केरिवूला हार्डविकाय घटपर्णीच्या कलशात झोपते. अशा वटवाघळांच्या हाका अतिशय क्षीण आणि अतिशय उंच सुरातल्या असतात, काहींच्या तर २०० किलोहर्ट्झच्याही वर सुरू होतात, आणि इतका उंच ध्वनी हवेत काही पावलांतच विरतो. मी अर्धापूर भागातल्या एका केळीच्या बागेत मालकाच्या परवानगीने दोन संध्याकाळी उभी राहिले. बागेच्या कडेला थापट्या भरपूर मिळाल्या, ओळींच्या आत यंत्र जवळपास गप्प होते. तेवढ्यावरून आत काही नाही असा अर्थ काढणे चूक ठरेल, कारण १२० वर थांबणाऱ्या यंत्राला त्या हाकांचा फक्त तळचा तुकडा ऐकू येतो, तोही वटवाघूळ हाताच्या अंतरावर असेल तरच. लहान पर्णनासिकांपैकी ज्यांचा सूर १३० ते १५० वर असतो, तीही याच कारणाने हातून निसटतात.

अधिवास समजायला मात्र हे यंत्र उत्तम आहे. आम्ही ओढ्याला काटकोनात तीन ठिकाणे ठरवली: वरचा उघडा माळ, साग-पळसाच्या झाडीची कड आणि आतली उंबर-जांभळांची गच्च राई. माळावर चकती २० ते २५ च्या दरम्यान ठेवली की बऱ्याच उंचावरून सावकाश, ठाशीव हाका येत. लांब आणि अरुंद पंखांची, सरळ वेगाने उडणारी टॅफोझूससारखी वटवाघळे तिथे शिकार करतात, आणि खालच्या पट्टीचा आवाज लांब जात असल्याने मोकळ्या आभाळात त्यांना तोच उपयोगी पडतो. झाडीच्या कडेला पाकोळ्यांच्या थापट्या. राईत शिरलो की टक-टक, तीही पाच-सात पावलांपलीकडे विरून जाणारी. दाट पानांत किड्याचा प्रतिध्वनी पानांच्या प्रतिध्वनीत मिसळू नये म्हणून तिथल्या वटवाघळांना आखूड, रुंद पट्ट्याची हाक लागते आणि वळायला आखूड, रुंद पंख लागतात. शिटीवाली वटवाघळे तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात: हाकेच्या एकाच सुरात पतंगाच्या फडफडणाऱ्या पंखांमुळे उमटणारा थरकाप ओळखून ती पानांतून पतंग वेगळा काढतात. शंभर-दीडशे मीटरच्या त्या चढावर कान, पंख आणि झाडी यांचा मेळ मुलांना स्वतःच्या कानांनी ऐकता आला, आणि त्यानंतर वर्गात हा भाग शिकवायला मला फळा लागला नाही. ओढ्याकाठचे पोकळ उंबर, सालीचे पोपडे सुटलेले जुने वृक्ष, माळवदाच्या घरांतल्या तुळयांच्या भेगा आणि विहिरींच्या दगडी सांधी या निवाऱ्यांभोवती आवाज दाटतो, हेही यंत्राने दाखवले. एका शेतातला वठलेला उंबर जळणासाठी तोडायचे ठरले होते. तिन्हीसांजेला त्याच्या ढोलीसमोर काकांच्या हातात मी यंत्र दिले आणि त्यांनी तो तोडण्याचा बेत सोडला. जुनी, पोकळ झाडे निरुपयोगी समजून तोडली जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

वापरातल्या अडचणीही सांगते. ऑगस्ट ते ऑक्टोबर नाकतोडे आणि रातकिडे १० ते ४० च्या पट्ट्यात इतके बोलतात की खालच्या हाका बुडतात. काही एलईडी दिवे यंत्रात सतत खरखर उमटवतात. मायक्रोफोनवर झाकण नाही. जुलैतल्या एका सरीत पाणी शिरून तो चार दिवस बहिरा झाला आणि विक्रेत्याला पाठवलेल्या तीन ईमेलपैकी एकालाही उत्तर आले नाही. तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर तो सुरू झाला, आता त्यावर मी पातळ स्पंज बांधते. यंत्र ठीक आहे का हे पाहायला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवावा, त्यातून भरपूर श्राव्यातीत ध्वनी निघतो.

ज्यांना जातींची यादी करायची आहे त्यांनी हे घेऊ नये. त्यांना पूर्ण वर्णपट मुद्रित करणारे उपकरण लागेल. १२० किलोहर्ट्झचा ध्वनी टिपायचा तर सेकंदाला किमान २,४०,००० नमुने घ्यावे लागतात, आणि खुल्या आराखड्याचे ऑडिओमॉथ हे ध्वनिमुद्रण यंत्र ३,८४,००० पर्यंत घेते. त्यासोबत आपोआप नावे सुचवणारी जी सॉफ्टवेअर मिळतात त्यांतली बरीच युरोप-अमेरिकेच्या वटवाघळांवर घडवलेली असल्याने त्यांनी सुचवलेले नाव आपल्या भागात जसेच्या तसे उतरवू नये. शाळा, महाविद्यालये आणि झाडीच्या कडेला राहणारे जिज्ञासू लोक यांना मात्र मी हे हातातले यंत्रच सुचवेन. गुहांत आणि ढोलींत शिरून विश्रांतीतल्या वटवाघळांना त्रास न देता बाहेर उभे राहून ऐकावे आणि अभयारण्याच्या आत जायचे असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. येत्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी वारुळांतून उठेल, त्या संध्याकाळी तिन्ही ठिकाणी प्रत्येकी एक जोडी उभी करून मिनिटागणिक फर्र मोजायचे आम्ही ठरवले आहे, आणि त्यासाठी असेच दुसरे यंत्र मी दुसऱ्या विक्रेत्याकडे नोंदवले आहे.