टिश्यू की मेटल: गुठळी आणि इन्फेक्शनचा हिशेब

दिंडोरीच्या मावसभावाचा एऑर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप) बदलायचाय. वय ५६. पन्नाशीच्या आत मेटल म्हणजे धातूची झडप, पासष्टीनंतर टिश्यू म्हणजे जनावराच्या ऊतीची, असा ढोबळ रिवाज. हा नेमका मधल्या पट्ट्यात. टिश्यू बसवला की रक्त पातळ करायची गोळी सुटली, असं तो धरून चाललाय.

माझ्या आईला टिश्यूच बसवलाय. (आई माळकरी. झडप गाईच्या हृदयावरणाची आहे म्हटल्यावर दोन दिवस बोलली नाही.) सुरुवातीचे महिने रक्त पातळ करायची गोळी, मग फक्त ॲस्पिरिन. तिसऱ्या वर्षी रामकुंडाच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायला लागली. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, वाढलेला. एकाने सरळ सांगितलं, झडप झिजली, परत ऑपरेशन. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी काढला, तर पाकळ्यांवर गुठळी बसून त्या जाड झालेल्या. काही महिने वॉर्फरिन (रक्त पातळ करायची गोळी) दिलं आणि ग्रेडियंट उतरला. टिश्यूवरची गुठळी अशी चोरपावलांनी येते, ती झीज समजून सोडून देऊ नये.

मेटलवर गुठळी अचानक धरते, बहुतेकदा गोळ्या चुकल्यावर. छातीतली टिकटिक दबली आणि दम लागला तर तासाभराचाही उशीर नको. जन्मभर असिट्रॉम (तशीच रक्त पातळ करायची गोळी) किंवा वॉर्फरिन, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, साधारण २ ते ३. आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या इथे चालत नाहीत. त्यातल्याच डॅबिगॅट्रानची मेटल झडपेवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. शिवाय द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत कात्री लागली की रक्त लवकर थांबणार नाही. पालेभाजीने गोळीचा असर बदलतो, म्हणून मेथी आज ढीगभर आणि उद्या अजिबात नाही, असंही चालत नाही. बदल्यात झडप झिजत नाही. टिश्यूला दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा हात घालावा लागू शकतो, तरुणपणी बसवला तर त्याआधीही.

इन्फेक्शनच्या भीतीने मात्र कुठलाच निवडू नये. दोन्हीकडे धोका जवळपास सारखा, आणि तो वर्षांनंतरही राहतो. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू नयेत म्हणून दाढ काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५००च्या चार कॅप्सूल. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. ताप रेंगाळला तर मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणू नये. आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहे का ती तपासणी), नाहीतर जंतू बरेचदा सापडतच नाही.

माझं मत? दर महिन्याला आयएनआर तपासायला नाशिकला येणार असेल तर मेटल. पण हंगामात हा आठ-आठ दिवस फोन उचलत नाही, म्हणून मी टिश्यूकडे झुकतो. वर्षाला इको मात्र ठरलेला. आणि त्याची डावी दाढ किडलीय, ती ऑपरेशनच्या आधीच काढायची आहे.