मागच्या डिफरन्शियलसाठी ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक गिअर ऑइल: थंडी आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझा पिकअप मागच्या चाकांवर चालणारा असून त्याच्या अ‍ॅक्सलमध्ये साधे डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आहे, म्हणजे एक चाक घसरू लागल्यावर दुसऱ्याला ताकद देणारे लिमिटेड स्लिप नव्हे. हौदा बहुतेक वेळा भरलेला असतो आणि अधूनमधून मागे ट्रेलरही जोडला जातो. उत्पादकाच्या पुस्तिकेत या अ‍ॅक्सलसाठी जीएल-५ दर्जाचे (जड भाराच्या गिअरसाठीचे) तेल सांगितले असून ८०डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-९० हे दोन्ही ग्रेड मान्य केले आहेत. आधी ८०डब्ल्यू-९० खनिज तेल होते. ते काढून ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक भरले, त्याला आता एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटून गेला आहे.

ग्रेडच्या आधी दर्जाचा प्रश्न येतो, आणि त्यात तडजोडीला जागा नाही. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलमधील क्राउन (मोठे दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे चक्र) साधारणपणे हायपॉइड पद्धतीचे असतात; पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यातून न जाता त्याच्या खालून किंवा वरून जातो. यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घासतही जातात, आणि भाराखाली तेलाचा पातळ थर त्या घसटीत टिकत नाही. अशा वेळी तेलातील गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये तापलेल्या पोलादाशी संयोग पावून दातांवर एक संरक्षक लेप तयार करतात. धातूऐवजी तो लेप झिजतो आणि पुन्हा तयार होतो. नव्या गिअर ऑइलचा तो उग्र वास याच द्रव्यांचा असतो. जीएल-४ मध्ये त्यांचे प्रमाण बरेच कमी असते, म्हणून ते हायपॉइड अ‍ॅक्सलला पुरत नाही. उलट, मॅन्युअल गिअरबॉक्समधील गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-५ मानवेलच असे नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हीकडे एकच डबा ओतण्याची सोय पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली नसेल, तर ती सोय घेऊ नये.

ग्रेडच्या आकड्यांबद्दल बराच गैरसमज दिसतो. एसएई जे३०६ या मानकानुसार '९०' म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स इतकी व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, असलेले तेल. इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवर हे साधारण ४० ते ५० ग्रेडच्या आसपास बसते. म्हणजे ९० हा आकडा ऐकून वाटते तितके ते जाड नसते. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो: १,५०,००० सेंटिपॉइज ही दाटपणाची मर्यादा ७५डब्ल्यू तेलाने उणे ४० अंशांपर्यंत, ८०डब्ल्यूने उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यूने उणे १२ पर्यंत ओलांडायची नसते. तापल्यावर माझे जुने आणि नवे तेल एकाच वर्गात येते, फरक थंड स्थितीतला आहे, आणि अनुभवही नेमका तसाच आला.

थंडीच्या सकाळी गाडी निघाल्यावर पहिले काही किलोमीटर मागून जाणवणारा जडपणा स्पष्टपणे कमी झाला. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी पूर्वीपेक्षा मोकळी पुढे जाते. हा फरक केवळ सुखाचा नाही. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोहोचते ते क्राउनने उडवलेल्या तेलातून, हाउसिंगमधील एका वाटेने; तेल थंडीत घट्ट झालेले असेल तर त्या बेअरिंगला आपला वाटा उशिरा मिळतो.

उन्हाळ्यात भरलेल्या गाडीने लांब चढ चढल्यावर हाउसिंगचे तापमान बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहत गेलो. जुन्या तेलाच्या तुलनेत ते थोडे कमी दिसले, परंतु हवेचे तापमान आणि वजन दर वेळी सारखे नसल्याने या फरकावर मी फार भर देणार नाही. इंधनातील बचत मला वेगळी काढता आली नाही. टायरमधील हवा आणि समोरचा वारा यांचा परिणाम त्यापेक्षा मोठा असतो. आवाजात काहीही बदल झाला नाही, आणि व्हायलाही नको होता. वेग वाढवताना किंवा सोडताना येणारी गुणगुण दातांच्या जुळणीतून येते, घरघर बेअरिंगमधून येते, आणि या दोन्हींवर तेल हा इलाज नाही.

म्हणूनच आवाज दाबण्यासाठी ८५डब्ल्यू-१४० भरण्याचा सल्ला मी मानला नाही. जाड तेल घुसळण्यात जास्त शक्ती जाते, ती उष्णतेच्या रूपाने तेलातच उरते, आणि थंडीत पिनियनच्या बेअरिंगची अडचण आणखी वाढते. सततच्या जड ओढकामासाठी उत्पादकाने स्वतः ७५डब्ल्यू-१४० सांगितले असेल, तर तो वेगळा विषय आहे. तिथे तापलेल्या तेलाच्या थराची जाडी त्याने हिशेबात धरलेली असते, आणि ते तेलच भरावे.

सिंथेटिक या शब्दापेक्षा मला लेबलवरील दुसरी एक ओळ महत्त्वाची वाटते. मल्टिग्रेड तेलात व्हिस्कॉसिटी सांभाळण्यासाठी लांब साखळीचे पॉलिमर मिसळलेले असू शकतात, आणि दात व बेअरिंग यांच्यामध्ये चिरडले जाऊन ते तुटले की तापलेले तेल मूळ ग्रेडपेक्षा पातळ होते. जे३०६ मध्ये यासाठी टेपर्ड रोलर बेअरिंगवरील २० तासांची चाचणी असून तिच्यानंतरही तेल आपल्या ग्रेडमध्येच राहावे लागते. एसएई जे२३६० या मान्यतेसाठी जीएल-५ च्या चाचण्यांखेरीज प्रत्यक्ष गाड्यांमधील चाचण्याही द्याव्या लागतात. दोन डब्यांपैकी एकावर जे२३६० ची मान्यता असेल आणि दुसऱ्यावर नुसती चमकदार विशेषणे, तर माझी निवड ठरलेली आहे.

उन्हाळा संपल्यावर फिलरच्या भोकातून सिरिंजने थोडे तेल काढून पाहिले. रंग गडद झाला होता, पण जळका वास नव्हता आणि दुधाळपणाही नव्हता. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरल्याची खूण. जुने तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप होता, आणि तितका असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या मिळाल्या असत्या, तर तेलाची चर्चा बाजूला ठेवून अ‍ॅक्सल उघडावा लागला असता.

लिमिटेड स्लिप असणाऱ्यांना मात्र माझे तेल जसेच्या तसे सुचवता येणार नाही. क्लच पट्ट्यांच्या रचनेला फ्रिक्शन मॉडिफायर (पट्ट्यांमधील घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य) लागतो; तो नसेल तर तीव्र वळणावर मागून कडकडाट आणि थरथर येते, आणि गरजेपेक्षा जास्त घातला तर पट्ट्यांची पकडच सैल पडते. काही तेलांत तो आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे वेगळी बाटली घेण्यापूर्वी डब्यावरील मजकूर वाचावा.

भरताना आधी फिलर प्लग सुटतो याची खात्री करूनच ड्रेन प्लग उघडावा, नाहीतर रिकामा अ‍ॅक्सल आणि अडकलेला प्लग अशी अवस्था होते. गाडी सपाट जागी ठेवून तेल फिलरच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. माझ्या अ‍ॅक्सलची पातळी तीच आहे, काही अ‍ॅक्सलमध्ये ती कडेच्या थोडी खाली असते. जास्त तेल फेसाळते आणि सीलमधून ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. ब्रीदर (हवेची ये-जा होऊ देणारे छिद्र) बंद असला तरी आतला दाब सीलमधूनच वाट काढतो, म्हणून तेल बदलताना तोही साफ केला.

हलका भार आणि सौम्य हवामान असणाऱ्याने पुस्तिकेतील खनिज ८०डब्ल्यू-९० वेळेवर बदलत राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही. माझ्या मते त्याने वरचा खर्च करण्याचे कारण नाही. माझ्या वापराला, विशेषतः थंडीत भरलेली गाडी काढावी लागत असल्यामुळे, हे तेल योग्य ठरले आणि पुढच्या वेळीही हेच भरणार आहे. मात्र सिंथेटिक आहे म्हणून बदलाची मुदत लांबवणार नाही. तापमान १० अंशांनी वाढले की तेलाच्या ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम ट्रेलर ओढणाऱ्या अ‍ॅक्सललाही लागू आहे, आणि पुस्तिकेत जड वापरासाठी दिलेली कमी मुदतच मी पाळणार आहे.