पासष्ट हजारांचा हेडफोन अ‍ॅम्प की दोन हजारांचा डोंगल? आधी घरातलं अर्थिंग पाहा

दिवाळीच्या तोंडावर मावसभावाचा फोन आला. बागेतल्या फळांचा आंबिया बहार व्यापाऱ्याला देऊन झाला होता, हातात पैसा खुळखुळत होता. "भाऊ, पासष्ट हजाराचा अ‍ॅम्प घेऊ काय? नागपूरले दुकानात आयकला. खंजिरी अशी वाजते बाप्पा, जसे समोर बसून वाजवून राह्यले."

अ‍ॅम्प म्हणजे हेडफोनला जाणारा सिग्नल मोठा करणारं यंत्र. त्याच्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन आहे. गावातल्या भजन मंडळाची रेकॉर्डिंग तोच साफ करून देतो, म्हणजे ही नुसती हौस नाही. मी म्हटलं, इसार देऊ नको, आधी दोन दिवस घरी ये. माझ्याकडे दोन हजारांच्या आतला यूएसबी-सी डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या भोकात घालून हेडफोन लावायचा छोटा तुकडा) होता आणि टेबलावरचा अकरा हजारांचा अ‍ॅम्प होता. नागपूरच्या एका मित्राकडून तोच पासष्ट हजारांचा अ‍ॅम्प आठवड्यापुरता मागून आणला.

पहिल्या संध्याकाळी महागडा अ‍ॅम्प सरळ जिंकला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. आवाज मोकळा, खंजिरीच्या झांजा सुट्या सुट्या. मग मोटर रिवायंडिंगवाल्याकडून चांगला मीटर आणला. हेडफोन लावलेलाच ठेवून १०० हर्ट्झचा सूर वाजवला आणि व्होल्टेज मोजलं. अकरा हजारवाला ०.३०० व्होल्ट देत होता, महागडा ०.३२५. म्हणजे पाऊण डेसिबलच्या आसपास जास्त. एवढा फरक कानाला "मोठा आवाज" म्हणून कळतच नाही, "चांगला आवाज" म्हणून कळतो. दुकानातही बहुधा असंच झालं असणार. तिथं कोण मीटर लावतो?

(हा प्रयोग घरी करायचा असेल तर दोन व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर लागतो. शंभर-दीडशेत मिळणाऱ्या पिवळ्या मीटरची एसी रेंज दोनशे व्होल्टपासून सुरू होते, त्यावर हे दिसणार नाही.)

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आवाज मीटरवर सारखे केले आणि मध्ये चादर बांधली. चादरीमागं पुतण्या. तो नाणं उडवायचा, छापा-काट्याप्रमाणे जॅक बदलायचा, आम्ही फक्त सांगायचं की हा महागडा की दुसरा. १६ वेळा. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर काहीतरी ऐकू येतंय असं मानायचं ठरलं, कारण नुसत्या अंदाजानं तेवढे जुळण्याची शक्यता शंभरात चारच्या आत असते. अकरा हजारवाल्याविरुद्ध भावाचे ९ बरोबर आले, माझे ७. डोंगलविरुद्ध त्याचे १०, माझे ८. एवढ्यावरून "फरक शून्य" असं छातीठोक सांगता येत नाही. पण "समोर बसून वाजवून राह्यले" एवढा फरक असता तर १६ पैकी १६ यायला हवे होते.

आम्ही काही नवीन शोध लावला नाही. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं स्पीकरच्या अ‍ॅम्पची अशीच डोळे झाकून परीक्षा घेतली होती. त्यात सव्वादोनशे डॉलरच्या आतबाहेरच्या पायोनियर रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या अ‍ॅम्पच्या जोडीपर्यंत सगळं होतं, आणि ऐकणाऱ्यांना ते खात्रीनं ओळखता आले नाहीत. हेडफोनच्या बाजूला २०११ मध्ये नाव न सांगणाऱ्या एका इंजिनिअरनं 'ऑब्जेक्टिव्ह टू' नावाच्या साध्या, स्वस्त अ‍ॅम्पचं अख्खं सर्किट फुकट वाटलं. मोजमापांत तो कितीतरी महाग यंत्रांच्या रांगेत बसत होता. तो नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरही चालतो, आपल्याकडच्या लाइनीचा भरवसा पाहता हे मला फार आवडलं.

असं का होतं? अ‍ॅम्पचं काम आलेला सिग्नल तसाच मोठा करून देणं, एवढंच. चांगल्या स्वस्त अ‍ॅम्पमध्ये आवाजाची मोडतोड टक्क्याच्या शंभराव्या भागाच्याही खाली असते. त्याखाली आणखी दोन शून्यं वाढवायला पैसे लागतात, पण कान तिथवर पोचत नाही. ताकदीचं म्हणाल तर एचडी ६५० ला एक व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज निघतो, आणि ॲपलचा साधा डोंगल साधारण तेवढा व्होल्ट देतो. भजन आपण सरासरी ७५ डेसिबलवर ऐकतो. वरच्या थापांना वीस डेसिबल सोडले तरी जागा उरते. एक मेख आहे. काही अँड्रॉइड फोनवर ॲपलचा डोंगल पुरता आवाज देत नाही, बारीकच वाजतो. आपल्या फोनवर लावून पाहिल्याशिवाय तो घेऊ नका.

आता जिथं फरक खरंच ऐकू येतो, तिकडे.

सगळ्यात मोठा प्रकार आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे अ‍ॅम्पच्या आतच बसलेल्या अडथळ्याचा. कानात घालायच्या काही इअरफोनचा इम्पिडन्स सुरागणिक बदलतो, कुठं ८ ओहम, कुठं ३२. अ‍ॅम्पचा अडथळा १० ओहम असेल तर या दोन ठिकाणच्या आवाजात पावणेपाच डेसिबलचा फरक पडतो. तोच १ ओहम असेल तर पाऊण डेसिबल. पावणेपाच म्हणजे अख्खा इअरफोन बदलल्यासारखं. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकानं हेडफोनच्या आउटपुटसाठी १२० ओहम सुचवले होते, म्हणून जुन्या यंत्रांत हा आकडा भेटतो. एचडी ६५० अशा जागी लावला तर खालचे सूर एखाद्या डेसिबलनं फुगतात आणि माणूस म्हणतो, काय भरदार वाजतो! काही ट्यूबचे (जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे) अ‍ॅम्पही याच कारणानं वेगळे वाजतात. कोणाला ते आवडत असेल तर खुशाल घ्यावेत, पण तो फरक किमतीचा नाही. म्हणून घेताना एक पाहा: अ‍ॅम्पचा आकडा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. डोंगलमध्ये तो बहुतेक एकाच्या आसपास किंवा त्याखाली असतो. गंमत म्हणजे या परीक्षेत दोन हजारांचा डोंगल कित्येक महागड्या ट्यूबवाल्यांना मागे टाकतो.

दुसरा प्रकार हट्टी हेडफोनचा. हायफायमॅन एचई-६ एका मिलिवॅटला जेमतेम ८३.५ डेसिबल देतो. त्याला डोंगल लावणं म्हणजे तीन एचपीच्या मोटरला टेबल फॅनची वायर जोडणं. तिथं ताकदवान अ‍ॅम्प हवाच, पण ताकद म्हणजे किंमत नव्हे. अकरा हजारांतही ती मिळते.

स्वस्तातल्या बटणाचा दोष मात्र खरा. आवाज अगदी बारीक ठेवला की एक कान दबतो. रात्री घरचे झोपल्यावर ऐकणाऱ्यांना हे जाणवतं, महागड्यात सहसा नसतं. नाजूक इअरफोनवर येणारी सूं सूं हाही खरा फरक, पण त्यात महाग-स्वस्त असा नेम नाही. मागून आणलेल्या पासष्ट हजारवाल्यातच माझ्या इअरफोनला ती जास्त आली.

आणि आता खेड्यातली गोष्ट, जी नागपूरच्या एसी दुकानात कळत नाही. माझ्या घरी टेबलावरचे दोन्ही अ‍ॅम्प लॅपटॉपला जोडले की बारीक घूं ऐकू यायची. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. अंधारात अ‍ॅम्पच्या पत्र्याला बोट लावलं तर मुंग्या. बोर्डात भोकं तीन, पण तिसऱ्यामागं वायरच नाही! वरच्या शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की ती घूं आणखी वाढायची. पासष्ट हजारांनी त्यात काडीचा फरक पडला नाही. फोनला लावलेला डोंगल बॅटरीवर चालतो, त्याला ना अर्थिंगची भानगड ना डीपीची. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प स्वतःच गुणगुणायला लागतो, तेही ध्यानात ठेवा.

शिवाय उन्हाळा. पारा ४५ वर गेल्यावर क्लास-ए (सतत करंट ओढून तापणारा) किंवा ट्यूबचा अ‍ॅम्प खोलीत ठेवणं म्हणजे पैसे देऊन शेगडी घेणं. आणि कूलर? एप्रिल ते जून तो घरघरतच असतो. एचडी ६५० मागून उघडा, सगळी घरघर सरळ कानात. त्या आवाजापुढं अ‍ॅम्पा-अ‍ॅम्पातला बारकावा शोधणं म्हणजे यात्रेत घड्याळाची टिकटिक ऐकणं. त्यापेक्षा बंद पाठीचा हेडफोन घ्या, बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओहम किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स. दोन्ही डोंगलवर वाजतात, आणि त्यांच्यातला फरक ओळखायला चादर बांधावी लागत नाही.

भावाला मी डोंगलच सांगितला असता. पण त्याचं काम एडिटिंगचं, दिवसातून शंभरदा आवाज कमी-जास्त करायचा, हाताशी मोठं बटण हवं. तेवढ्या एका कारणासाठी अकरा हजारवाला घे म्हटलं, आणि त्यानं घेतला. उरलेल्या पैशातून आधी गावच्या वायरमनला बोलावून अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकून अर्थिंगचा पाइप गाडला. मंडळासाठी एक बरा माइक घ्यायचं चाललं आहे. नागपूरच्या दुकानवाल्याचा अधूनमधून फोन येतो. "वावरात हाव" म्हणून ठेवून देतो.