पहिला चेलो कन्चर्टो: शुमान की ड्वोर्झाक?

मिरजेतल्या तंबोऱ्यांच्या खर्जावर कान तयार झालेल्याला चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं खर्जातलं मोठं वाद्य, परका वाटत नाही. प्रश्न एवढाच, आधी कोणता कन्चर्टो (एक मुख्य वाद्य आणि सोबत वाद्यवृंद अशी रचना) ऐकायचा? जर्मन संगीतकार शुमानचा (१८५०) साधारण २५ मिनिटांचा. वाद्यवृंदाचे तीन हलके कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगुच्छ), की चेलो गायलाच लागतो. तिन्ही भाग सलग, मध्ये टाळ्यांना जागाच नाही. चेक संगीतकार ड्वोर्झाकचा (१८९५) ४० मिनिटांचा, आणि सुरुवातीला चेलोवादक नुसता बसून! तोवर हॉर्न हे पितळी फुंकवाद्य सुंदर धून वाजवून मोकळा होतो. पण शेवट ऐकाच. मेहुणी योसेफिना वारल्यावर ड्वोर्झाकनं तो बदलला, तिच्या आवडत्या गाण्याची आठवण त्यात गुंफली. माझं मत ड्वोर्झाकला. शुमान मात्र मिरज-सांगली एसटीत पुरा होतो.