पासवर्ड तपासायला आधी जॉन, मग हॅशकॅट: सोलापूरच्या ऑफिसांसाठी फुकट टूल्सचा हिशेब

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, नव्या पेठेतलं होलसेल दुकान, तीन शाखांची पतसंस्था, वीस खाटांचं हॉस्पिटल. या सगळीकडे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो आणि सिक्युरिटीसाठी वेगळा पैसा कोणी काढून ठेवलेला नसतो. हा रिव्ह्यू त्या एका माणसासाठी आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पासवर्ड तपासायचे, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांवर अंदाज मारून कच्चे कोणते ते शोधायचे असतील, तर पहिलं टूल जॉन द रिपर, तेही जंबो, म्हणजे जास्त फॉरमॅट आणि स्क्रिप्ट्स असलेली आवृत्ती. त्याच्या जोडीला इथल्या शब्दांची हाताने केलेली यादी. हॅशकॅट उत्तम आहे, पण ते तिसऱ्या पायरीवर. महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायचा विचार त्यानंतर करा, आणि बहुतेकांना त्याची गरज पडणार नाही.

सुरू करण्याआधी एक कागद हवा. पतसंस्था असेल तर संचालक मंडळाचा ठराव, कारखाना असेल तर मालकाच्या सहीचं पत्र. त्यात कोणती मशिन्स, कोणत्या तारखा, हॅश (पासवर्डाचं सिस्टीममध्ये साठवलेलं, उलटं फिरवता न येणारं रूप) कोण काढून देणार आणि निकाल कोण बघणार एवढं लिहिलेलं असावं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे परवानगीशिवाय, अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘साहेबांनी तोंडी सांगितलं होतं’ हे नंतर उपयोगी पडत नाही.

आता जॉन. ओपनवॉलचं हे टूल १९९६ पासून चालू आहे आणि त्याची खरी ताकद ग्राफिक्स कार्डाविना दिसते. साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर, अगदी व्हर्च्युअल मशिनमध्येही (कॉम्प्युटरच्या आत चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) ते नीट चालतं. युजरनेम, मग कोलन, मग हॅश अशी फाइल दिली की ते तशीच वाचून घेतं. सिंगल मोड हा त्याचा हुकमी पत्ता आहे. युजरनेम आणि फाइलमध्ये असलेलं पूर्ण नाव घेऊन ते त्यांचीच फिरवाफिरव करून बघतं. नावापुढे १२३ लावून पासवर्ड करणारी माणसं या मोडमध्ये मिनिटभरात सापडतात.

चुकतं कुठे? पहिली गोष्ट, उबुंटूच्या नेहमीच्या भांडारातून येतो तो जंबो नसलेला साधा जॉन. त्यात झिप, पीडीएफ, एक्सेलच्या फाइलींतून हॅश काढणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट्स नसतात. टेबलावरची जुनी पगारपत्रकाची झिप उघडत नाही म्हणून जॉन घेतला आणि ‘टू-जॉन’वाल्या स्क्रिप्ट्स सापडेनात, असं झालं तर कारण हेच. काली लिनक्समध्ये (सिक्युरिटी तपासणीसाठी बनवलेली लिनक्स) जंबोच येतो. दुसरी गोष्ट, विंडोजचा ३२ अक्षरी एनटी हॅश दिला की जॉन त्याला जुना एलएम प्रकार समजतो आणि रात्रभर भलतंच काम करत बसतो. सुरुवातीला पडद्यावर इशारा येतो, पण तो सहसा कोणी वाचत नाही. फॉरमॅट एनटी असं स्वतःहून सांगा.

तिसरी गोष्ट लिनक्स सर्व्हरवाल्यांसाठी. डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ पासून पासवर्ड यस्क्रिप्ट या मुद्दाम सावकाश चालणाऱ्या हॅश पद्धतीत ठेवले जातात. हॅशची सुरुवात दोन डॉलरांच्या मध्ये वाय अशी दिसते. हॅशकॅट ६.२.६ मध्ये यासाठी मोडच (त्या हॅश प्रकाराची सोयच) नाही. जॉनला क्रिप्ट हा फॉरमॅट सांगितला की काम होतं, फक्त वेग अगदी कमी मिळतो. वेग कमी म्हणजे तुमचा सर्व्हर नीट राखलेला आहे, त्यामुळे तक्रार करू नका.

हॅशकॅट हे वेगाचं टूल. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा सोर्स खुला झाला, लायसन्स एमआयटी. आकड्यांत बोलू. आरटीएक्स ४०९० कार्डावर विंडोजच्या एनटीएलएम (वरचाच एनटी) प्रकाराचे सेकंदाला साधारण २८,८०० कोटी अंदाज तपासून होतात. कीबोर्डवरची ९५ चिन्हं घेऊन केलेले आठ अक्षरी पासवर्ड एकूण ६,६३४ लाख कोटी. भागाकार करा, साडेसहा तासांच्या आत सगळे संपतात. म्हणजे विंडोज डोमेनमध्ये आठ अक्षरांचा पासवर्ड कितीही वेडावाकडा असला तरी, हॅश बाहेर गेला की एका रात्रीचा प्रश्न आहे. तोच पासवर्ड बीक्रिप्ट या सावकाश पद्धतीने, कॉस्ट (प्रत्येक अंदाजाला किती मेहनत लागावी तो आकडा) ५ वर साठवलेला असेल, तर त्याच कार्डाचा वेग १ लाख ८४ हजारांवर येतो आणि अकराशे वर्षांहून जास्त लागतात. कॉस्ट एकाने वाढवली की वेळ दुप्पट, म्हणजे कॉस्ट १२ ला त्याच्याही १२८ पट. वेबसाइट करून देणाऱ्याला आधी हाच प्रश्न विचारा: पासवर्ड कशात ठेवता? उत्तर एमडी५ (जुनी, झटपट फुटणारी पद्धत) आलं तर बाकीची चर्चा थांबवून ते बदलून घ्या.

हॅशकॅटच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. व्हर्च्युअल बॉक्समधल्या कालीत त्याला ग्राफिक्स कार्ड दिसत नाही. ‘डिव्हाइस सापडलं नाही’ असा संदेश येतो किंवा ते गुपचूप प्रोसेसरवर चालतं. ते मूळ विंडोजवर किंवा थेट लिनक्सवर टाका. विंडोजवर त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जाऊनच चालवा, नाहीतर कर्नलच्या (कार्डावर गणित चालवणाऱ्या) फाइली सापडत नाहीत. फाइलमध्ये युजरनेम असतील तर तसं पर्याय देऊन सांगावं लागतं. जॉनच्या स्क्रिप्टने काढलेला झिपचा हॅश जसाच्या तसा दिला तर तोही हॅशकॅट नाकारतं, कारण पुढे-मागे फाइलचं नाव चिकटलेलं असतं. ते काढा. ‘टोकन लेंग्थ’ची चूक दिसली तर दहापैकी नऊ वेळा मोडचा क्रमांक चुकलेला असतो: एनटीएलएमला १०००, बीक्रिप्टला ३२००, वायफायला २२०००.

दोन्ही टूल्समध्ये नवख्याला गोंधळात टाकणारी गोष्ट एकच. दुसऱ्यांदा चालवलं की ते म्हणतं, फोडायला काही उरलंच नाही. बिघाड झालेला नसतो. आधी सापडलेले पासवर्ड पॉट नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेले असतात. शो हा पर्याय देऊन ते बघायचे.

आता यादीबद्दल, कारण सगळा फरक तिथे पडतो. सगळीकडे वापरली जाणारी रॉकयू यादी २००९ च्या फुटीतली आहे, सुमारे १ कोटी ४३ लाख वेगवेगळे पासवर्ड. सोलापूरचा माणूस तिच्यात फारसा नाही. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांतली नावं एकाच ऑफिसात बसतात, आणि प्रत्येकजण आपलं दैवत, आपलं आडनाव आपल्या स्पेलिंगने लिहितो. सिद्धेश्वर हा एकच शब्द घ्या. रोमन लिपीत मधला डी एक की दोन, पुढे एच आहे की नाही, एसएच की नुसता एस, डब्ल्यू की व्ही, शेवटी ए लावला की नाही. पाच जागी दोन-दोन पर्याय, म्हणजे ३२ स्पेलिंग. कोणत्याही तयार यादीत हे सगळे मिळणार नाहीत.

यादी करायला एक दुपार पुरते. देवदैवतं घ्या: सिद्धेश्वर, रूपाभवानी, मार्कंडेय, मल्लिकार्जुन, विठ्ठल, पांडुरंग, स्वामी समर्थ. मग फर्मचं नाव, त्याचं छोटं रूप, शाखांची गावं, पेठांची नावं. मग आकडे: पिनकोड ४१३००१, गाडीचा एमएच १३, एसटीडी कोड ०२१७, फर्म सुरू झाल्याचं साल. पाचशे शब्द झाले की थांबा. त्यावर रूल लावा: पहिलं अक्षर मोठं, ए च्या जागी ॲटचं चिन्ह (@), शेवटी १२३ किंवा साल. एका शब्दाचे पन्नास हजार अवतार केले तरी सगळे मिळून अडीच कोटी होतात, आणि एनटीएलएमवर तेवढे साधा प्रोसेसरसुद्धा झटकन तपासतो. म्हणून म्हटलं, कार्ड नंतर.

या यादीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. तपासणी संपली की हीच फाइल पासवर्ड बदलण्याच्या स्क्रीनमागे ‘चालणार नाहीत’ यादी म्हणून जोडा. सिस्टीम ते करू देत नसेल तर निदान कमीत कमी लांबी आठवरून चौदावर न्या.

कार्ड घेतलंच तर इथल्या उन्हाचं बघा. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या ऑफिसात एसी नसेल तर कॅबिनेटला थंड हवा मिळणार कुठून? कार्ड ९० अंशांवर गेलं की हॅशकॅट स्वतः काम थांबवतो. हे संरक्षण चांगलं आहे, ते बंद करू नका. त्याऐवजी ड्रायव्हरमधून कार्डाची वीज मर्यादा खाली आणा, वर्कलोडचा पर्याय दोनवर ठेवा आणि काम रात्री लावा. ४५० वॅटचं कार्ड आठ तास चाललं की एकट्या कार्डाचे ३.६ युनिट होतात. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस हा भार पेलणार नाही, लाइट गेली की मशिन बंदच पडणार. म्हणून सेशनला नाव देऊन सुरू करा, म्हणजे लाइट आल्यावर रिस्टोअरने पुढे चालू करता येतं. जॉनही तसंच सोडलेल्या जागेजवळून पुढे जातो. लॅपटॉपवर हे काम लावू नका.

वायफायची तपासणी लहान आहे पण डोळे उघडणारी. दुकानाचा वायफाय पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाइल नंबर, हे बाजारात कुठेही दिसेल. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए२ मध्ये (वायफायची नेहमीची सुरक्षा पद्धत) प्रत्येक अंदाजाला ४,०९६ फेऱ्यांचं गणित असतं, तरी ४०९० कार्ड सेकंदाला २५ लाख अंदाज करतं. अर्ध्या तासाच्या आत सगळे नंबर संपतात. साध्या प्रोसेसरवर एअरक्रॅक (वायफाय पासवर्ड तपासणारं टूल) चालवून सेकंदाला वीस हजार धरले तरी सव्वादोन दिवस. शिवाय नंबर पाटीवर लिहिलेला असतो, तेव्हा तेवढंही थांबायला नको. स्वतःच्या राउटरवर हे करून बघण्यापेक्षा मालकासमोर हा भागाकार कागदावर मांडा, तो पटकन पटतो. राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर सुरू करा, त्यात हवेतून पकडलेल्या माहितीवर घरी बसून असे अंदाज लावता येत नाहीत.

चालू लॉगिन पानावर अंदाज मारणारं हायड्रा या कामासाठी नको. चालू बँकिंग सॉफ्टवेअरवर ते सोडलं तर सोमवारी सकाळी सगळ्या कॅशिअरांची खाती लॉक झालेली सापडतील.

नेटवर्क पाहायला एनमॅप, १९९७ पासूनचं आणि अजूनही पहिल्या नंबरचं. सोर्स उघडा असला तरी लायसन्स त्यांचं स्वतःचं आहे, आपल्या ऑफिसात वापरायला अडचण नाही. काही न सांगता चालवलं तर ते नेहमीचे १,००० पोर्ट (उपकरणाशी जोडणी होण्याची क्रमांकित दारं) बघतं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर भलत्याच पोर्टवर बसलेला असतो, त्यामुळे एकदा सगळे ६५,५३५ बघून घ्या. प्रिंटरचा ९१०० पोर्ट ते आवृत्ती शोधताना मुद्दाम वगळतं, कारण काही प्रिंटर आलेला प्रत्येक बाइट छापत सुटतात. कारखान्यात मागांच्या कंट्रोलरचं जाळं वेगळं नसेल तर स्कॅन सुट्टीच्या दिवशीच करा, जुनी उपकरणं स्कॅननेच अडकून पडतात.

ओपनव्हॅस कमकुवत जागा शोधतं, पण संयम मागतं. ८ जीबी रॅम द्या. पहिल्यांदा फीड (माहीत असलेल्या कमकुवत जागांची यादी) उतरून आत भरेपर्यंत काही तास जातात, आणि तोवर स्कॅनच्या सेटिंगची यादी रिकामीच दिसते. अनेकजण इथेच टूल बिघडलं समजून काढून टाकतात. रिपोर्टमधला लाल रंग बघून घाबरू नका. डेबियन, उबुंटूवाले आवृत्तीचा आकडा जुनाच ठेवून आत दुरुस्ती करतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून दिलेले इशारे पुष्कळदा खोटे निघतात. सर्व्हरचं लॉगिन देऊन केलेला स्कॅन जास्त खरा. वेबसाइटसाठी झॅप घ्या, पण त्याचा ॲक्टिव्ह स्कॅन टेस्ट कॉपीवरच. तो प्रत्येक फॉर्म भरतो आणि ‘डिलीट’वरही क्लिक करतो.

अहवालात सापडलेले पासवर्ड लिहू नका. खात्याचं नाव आणि कारण पुरे: ‘दैवताचं नाव आणि १२३’, ‘मोबाइल नंबर’, ‘आठ अक्षरं’. कारण तोच पासवर्ड त्या कर्मचाऱ्याच्या घरच्या ईमेललाही असू शकतो. हॅशची फाइल आणि दोन्ही पॉट फाइली काम संपल्यावर पुसायच्या असतात, पण एसएसडीवर पुसलेलं खरोखर पुसलं जाईलच असं नाही. म्हणून सगळं काम सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर करा. पॉट फाइल मात्र आपोआप होम फोल्डरात, विंडोजवर टूलच्याच फोल्डरात, तयार होते, तिची जागा पर्याय देऊन त्या पेनड्राइव्हवर वळवायला विसरू नका.