तलावात डिझेल उतरलं तर काय वापरायचं: रुई (कापूस), तणीस (धानाचा पेंढा), पॅड की पावडर?

भंडारा-गोंदियातल्या साकोली-देवरीकडं हायवेला लागूनच तलाव नि बोड्या (छोटे तलाव) आहेत. समुद्रात तेल सांडलं तर कोस्ट गार्ड येते, पण इथं टँकर पलटला तर पहिले काही तास गावालाच निभवावे लागतात, म्हणून मच्छीमार सोसायटी नि ग्रामपंचायत मिळून आधीच सामान घेऊन ठेवायचं म्हणत असतील तर हे वाचा.

तेलावर साबण, निरमा काहीच टाकू नका भाऊ. 1967 ला इंग्लंडजवळ टोरी कॅन्यन जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्यावर डिटर्जंट मारलं, नि तेलापेक्षा त्यानंच जास्त जीव मेले. तेल विरघळवणारी औषधं खोल समुद्रात परवानगी घेऊन मारतात, आपल्या कमरेएवढ्या पाण्यात तेल दिसेनासं होईल पण ते खाली मासोळीच्या कल्ल्यांतच जाईल. पेटवून द्यायचा विचारही नको. पातळ थर नीट पेटत नाही नि आग कुठं जाईल सांगता येत नाही.

आता रुई की पॅड. बाजारातले पॉलिप्रोपिलीनचे पॅड मस्तच, पाणी पीत नाहीत, तेलच ओढतात, पण शहरातून मागवा नि पैसे मोजा. आपली कच्ची रुईपण तेच करते, कारण तिच्यावर नैसर्गिक मेण असतं, आणि गंमत म्हणजे ज्या अपक्व कापसाला भाव नाही तोच जास्त तेल पितो, प्रयोगात क्रूड तेल वजनाच्या तीसपटीवर शोषलेलं आहे (डिझेल पातळ, तेवढं धरणार नाही). मेडिकलवाला पांढरा कापूस मात्र बेकार, त्याचं मेण काढलेलं असतं, तो पाणीच पिऊन बसतो. म्हणून जिनिंगमधून हलकी रुई घ्या, बारीक जाळीत लांब गुंडाळी करून भरा नि कोरडी ठेवा.

तणीस फुकट आहे, चालतं, पण भिजलं की बुडतं, म्हणून तासातासाला काढावं लागतं. 2020 ला मॉरिशसला वाकाशिओ जहाज अडकून तेल गळलं तर तिथल्या लोकांनी कापडात उसाचं पाचट भरून स्वतः तरंगते अडथळे बनवले. तसंच करायचं आहे आपल्याला.

पण माझ्या मते या सगळ्यांपेक्षा मोठं काम नाल्यावर आहे. तलावात येण्याआधीच पोत्यांचा बांध घाला नि त्यात पीव्हीसी पाइप तिरका बसवा, नाला येतो त्या बाजूचं तोंड पाण्यात खोल, तलावाकडचं उंच. डिझेल वर तरंगतं, त्यामुळं खालचं पाणी निघून जातं नि तेल बांधामागं अडतं, मग तिथं रुई टाकून उचला. तलावात पसरलेलं उचलणं लय अवघड.

टेरी या संशोधन संस्थेची ऑइलझॅपर पावडर पहिल्या दिवसासाठी नाही. ते तेल खाणारे जिवाणू आहेत, मुंबईजवळ 2010 ला जहाजं धडकून तेल किनाऱ्याला लागलं तेव्हा वापरले होते, पण त्यांना महिने लागतात. रस्त्याकडेच्या भिजलेल्या मातीसाठी नंतर विचारा.

म्हणजे पैसे कमी असतील तर पाइप, रिकामी पोती नि रुई घ्या, उरले तर थोडे पॅड. टँकरजवळ बिडी-काडी बंद, डबे घेऊन डिझेल भरायला धावणाऱ्यांना आवरा, 112 लावा. नि तेलकट रुई वावरात पुरू किंवा जाळू नका, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवून प्रदूषण मंडळाला कळवा, मत्स्य विभाग हो म्हणेस्तोवर मासोळी विकू नका.