समग्र शिक्षाची दिव्यांग मुलांसाठीची मदत: साहित्य उत्तम, परीक्षेची सवलत मात्र मागून घ्यावी लागते

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळेत दिव्यांग मूल असेल, तर पहिली पायरी तालुक्याच्या बीआरसीची, म्हणजे गट साधन केंद्राची. तिथले विशेष शिक्षक, म्हणजे बीआयईआरटी, शाळांना भेटी देतात आणि शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवतात. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत दर दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. मुलींना महिना २०० रुपये, वर्षातले १० महिने, वेगळे मिळतात. ते थेट खात्यात येतात, त्यामुळे खातं आधारशी जोडलेलं हवं.

साहित्य खरोखर चांगलं मिळतं. अलिम्को या कृत्रिम अवयव आणि सहाय्यक साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या शिबिरात आधी माप घेतात आणि वाटप नंतर होतं. मधल्या काळात मूल वाढतं, म्हणून कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारं साधन, ताब्यात घेताना तिथंच घालून, चार पावलं चालवून बघा. घट्ट असेल तर तिथल्या तिथं सांगा. घरी नेलेलं कॅलिपर बहुतेकदा खुंटीलाच राहतं.

श्रवणयंत्राचं दुखणं वेगळं. यंत्र शिट्टी मारतं म्हणून मूल ते काढून ठेवतं. कानातला साचा सैल झाला की आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरतो, त्याची ही शिट्टी. साचा मुलाच्या कानाच्या मापाचाच हवा, आणि कान वाढला की नवा. सेलवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच झाकण लावा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात नळीत पाण्याचे थेंब साठतात आणि आवाज बंद होतो. रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

आमचा खरा आक्षेप भाषेबद्दल आहे. ज्या मुलाला मुळात ऐकू कमी येतं, त्याच्या घरी आणि वर्गात मराठी चालते. त्याचा बोलण्याचा सराव फक्त कन्नडमध्ये झाला तर शब्द पक्के होत नाहीत. सरावाची भाषा मराठी ठेवा, ही मागणी पालकांनी लेखी द्यावी.

आता परीक्षा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहावीला तीन भाषा असणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही शेवटची सवलत फार मोलाची, पण ती आपोआप मिळत नाही. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे जातो, म्हणून आठवी-नववीतच कागदपत्रं तयार ठेवा. यूडीआयडीवरचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं अक्षरशः एक असावं. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं आणि अर्ज तिथंच अडतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत परीक्षेच्या महिन्यापर्यंत आहे का, तेही पाहा. यूडीआयडी कार्डाचा रंगही बघून ठेवा: दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, त्यापुढं निळं.

केंद्राच्या नियमात जादा वेळ ताशी किमान २० मिनिटं आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक मिळाला तरी सांगून लिहून घेण्याची सवय लागायला वेळ जातो. वाक्य पूर्ण सांगणं, विरामचिन्ह बोलणं, गणितात पायरी-पायरीनं आकडे सांगणं हे चाचणी परीक्षेपासूनच सुरू करावं, आणि शक्यतो त्याच लेखनिकासोबत.